बापाचे देणे चुकवता येते काय?

व्यापाऱ्याच्या वहीत जे देणे एकदा नावे पडले, ते ऋणको विसरला म्हणून फिटत नाही की तो गाव सोडून मुंबईस गेला म्हणून बुडत नाही. आणि ते कोणत्या मुहूर्तावर झाले, त्या वेळी भटजी हजर होता की नव्हता, असे तर कोणी सावकार विचारीतच नाही. परंतु जगात एक देणे असे आहे की, ते करणारा मनुष्य भरबाजारात ताठ मानेने फिरतो, ग्रामदेवतेच्या उत्सवात पुढे बसतो, आणि ज्या अर्भकाचे ते देणे आहे ते मात्र जन्मभर मान खाली घालून चालते. लग्नावाचून झालेल्या मुलाचे त्याच्या बापाकडे जे येणे असते, ते हे देणे होय. ह्या विषयाचा उच्चार करणे पुष्कळ सभ्य गृहस्थांस अशिष्ट वाटेल हे आम्ही जाणून आहो. परंतु ज्या गोष्टीने एका निरपराध जीवाचे अन्न तुटते, ती गोष्ट बोलण्याने अशिष्टपणा होत नसून न बोलण्याने होतो, असे आमचे मत असल्यामुळे आज आम्ही हा प्रश्न वाचकांपुढे मांडीत आहो.

हा प्रश्न आपल्या रत्नागिरीस परका नाही. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा यास इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले, व १९१६ साली तो येथेच वारला, हे शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. त्याच्या थोरल्या राजकन्येस १९०६ साली येथे एक मुलगी झाली, आणि त्या मुलीचा बाप राजाच्या चाकरीतील एक विवाहित गृहस्थ होता, हेही येथील जुन्या माणसांस माहीत असलेले व पुढे ग्रंथांतून प्रसिद्ध झालेले आहे. राजाच्या मृत्यूनंतर १९१९ साली कुटुंब ब्रह्मदेशी परत गेले. परंतु थोरली राजकन्या आपल्या मुलीस घेऊन रत्नागिरीस परत आली व १९४७ साली येथेच निवर्तली. ती मुलगी, टूटू, ह्याच गावात वाढली, मराठी बोलली, येथेच संसार करून हलाखीत राहिली, आणि २००० साली येथेच मरण पावली. त्या गृहस्थाच्या वर्तनाचा निवाडा करण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आम्हांस एवढेच पाहावयाचे आहे की, एका राजाच्या नातीस तिच्या बापाकडून कायद्याने काय मिळू शकत होते, आणि तिच्या चौऱ्याण्णव वर्षांच्या आयुष्यात तो कायदा किती पुढे सरकला.

ती जन्मली तेव्हा १८९८ चा फौजदारी कामाचा कायदा चालू होता. त्याच्या ४८८ व्या कलमात असे होते की, ऐपत असूनही जो मनुष्य आपल्या बायकोचे, अथवा आपल्या औरस किंवा अनौरस मुलाचे पोषण करीत नाही, त्याजकडून मॅजिस्ट्रेटाने दरमहा पोटगी देववावी. ह्या कलमातील ‘किंवा अनौरस’ हे दोन शब्द लहान असले तरी मोठ्या महत्त्वाचे आहेत. मूल कोणत्या धर्माचे, कोणत्या जातीचे, आईबापांचे लग्न झाले होते की नव्हते, ह्यांपैकी काहीही न विचारता कायदा एवढेच विचारीत होता की, हे मूल तुझे आहे काय, आणि तुला ऐपत आहे काय? परंतु एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने आवरून धरले होते. पोटगीची कमाल मर्यादा प्रथम दरमहा ५० रुपये होती. १९२३ साली ती १०० झाली व १९५५ साली ५००. १९७३ साली नवा कायदा होऊन ४८८ व्या कलमाचे १२५ वे कलम झाले, तरी ५०० चा आकडा तसाच राहिला. मध्यंतरी काही राज्यांनी आपापल्यापुरती तो वाढवला हे खरे. पण मध्यवर्ती कायद्यातून ही मर्यादा निघण्यास २००१ साल उजाडावे लागले. ज्या व्यापाऱ्यांनी १९५५ सालचा तांदळाचा भाव आणि २००१ सालचा भाव पाहिला आहे, त्यांस ह्या ४६ वर्षांत त्या पाचशे रुपयांचे काय झाले हे आम्ही सांगावयास नको. आणि टूटू तर मर्यादा उठण्यापूर्वीच्या वर्षीच हे जग सोडून गेली.

इंग्रजी अमदानीपूर्वी आपल्या शास्त्रात ह्या मुलांस काहीच स्थान नव्हते, अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही. याज्ञवल्क्य स्मृती व तीवरील मिताक्षरा यांस अनुसरून न्यायालयांनी जो हिंदू कायदा चालविला, त्यात शूद्राच्या दासीपुत्रास बापाच्या मिळकतीत हिस्सा मिळे, आणि त्रैवर्णिकांच्या अशा पुत्रास हिस्सा नसला तरी बापाच्या मिळकतीतून अन्नवस्त्र मिळे. जातीप्रमाणे माप बदलणारा हा न्याय आम्हांस मान्य नाही. तो गेला हे योग्यच झाले. पण गमतीची गोष्ट अशी की, १९५६ साली सुधारणेच्या नावाखाली जो हिंदू उत्तराधिकार कायदा झाला, त्याने माप सारखे करताना सर्वांस वर न नेता सर्वांस खाली ओढले. त्या कायद्याच्या ३ ऱ्या कलमातील व्याख्येप्रमाणे विवाहबाह्य मूल हे आपल्या आईचे नातेवाईक ठरते, बापाचे नाही. म्हणजे जुन्या शास्त्राने ज्यास थोडेबहुत दिले होते, त्याचेही नव्या कायद्याने काढून घेतले! त्याच वर्षीच्या दत्तक व पोटगी कायद्याच्या २० व्या कलमाने औरस व अनौरस दोन्ही मुलांचे पोषण करणे हिंदू बापावर व आईवर बंधनकारक केले. परंतु मुलाचा हा हक्क ते अज्ञान असेपर्यंतच. अठरा वर्षे पुरी झाली की बापाच्या घराचे दार पुन्हा बंद.

आता सुधारकांनी काय केले तेही पाहू. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि पुढे तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा स्वतः दत्तक घेतला. पंढरपुरास १८७५ साली असेच गृह निघाले, व ते प्रार्थना समाजाच्या मंडळींनी चालविले. ह्या थोर लोकांनी आईस आसरा दिला, मुलास दूध दिले. पण त्या मुलांचे बाप कोठे होते? ते आपापल्या घरी सुखाने जेवीत होते. १८८१ साली सुरतेकडील एका विधवेस बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या अनीतीवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. त्यास बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्या बाईने १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिले. पापात दोघांचा भाग असता शिक्षा एकटीसच का, हा त्या बाईचा प्रश्न होता. तो विचारल्यास जवळजवळ दीड शतक होत आले, तरी त्याचे उत्तर आपण अद्यापि पुरे दिलेले नाही.

ही स्थिती केवळ आपल्याच देशाची होती असेही नाही. इंग्लंडात १८३४ च्या दरिद्री-पोषणाच्या कायद्याने अशा मुलाचा सगळा भार आईवर टाकला. बापावर सरळ दावा लावण्याचा हक्क तिला १८४४ साली मिळाला. फ्रान्सात नेपोलियनच्या कायद्याने बापाचा शोध करण्याचीच मनाई होती, व ती १९१२ पर्यंत टिकली. उलट नॉर्वेसारख्या लहानशा देशाने १९१५ साली अशा मुलास बापाचे नाव आणि बापाचा वारसा दोन्ही दिले, आणि त्यामुळे तेथील विवाहसंस्था बुडाली असे कोणी ऐकलेले नाही. दूर कशाला, आपल्या शेजारच्या गोमंतकात १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा अद्यापि कुटुंबविषयक बाबतींत चालतो, आणि त्यात अविवाहित बापाने मूल आपले म्हणून रीतसर कबूल करण्याची व त्या कबुलीने मुलास वारस होण्याची वाट आहे. बांदा ओलांडले की जे मूल वारस ठरू शकते, ते अलीकडे केवळ पोटगीचे धनी!

आज कायदा काय आहे, हे आमच्या वाचकांस नेमके सांगणे अवश्य आहे. कारण ह्या बाबतीत गैरसमज पुष्कळ आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अंमलात आली असून जुन्या १२५ व्या कलमाच्या जागी तिचे १४४ वे कलम आले आहे. स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या मुलास, मग ते विवाहातून झालेले असो वा नसो, बापाकडून पोटगी मागता येते. हे कलम हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सर्वांस सारखेच लागू आहे; ‘आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे अशा मुलाची जबाबदारी बापावर नाही’ ही सबब येथे चालत नाही. कौटुंबिक न्यायालय असेल तेथे त्यात, नसेल तेथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करावा लागतो. खटला चालू असताना तात्पुरती पोटगी मागता येते, व त्या अर्जाचा निकाल नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत व्हावा असे कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असे ठरविले आहे की, दोन्ही पक्षांनी आपली मिळकत व कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. हुकूम होऊनही पैसे न भरणाऱ्यास दर महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र वसुलीचा अर्ज थकल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, हे ध्यानात ठेवावे. स्त्रिया व मुले यांस त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी १९८७ च्या कायद्याप्रमाणे सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यावयाचा असतो.

बाप नाकारील तर? जुन्या काळी ह्या एका नकाराने सगळा खटला ढासळे. आता रक्तातील वंशखूण तपासण्याची, म्हणजे डीएनए चाचणीची, सोय झाली आहे. एका माजी मुख्यमंत्र्यावर त्याच्या मुलाने लावलेल्या दाव्यात २०१२ साली ह्याच चाचणीने पितृत्व सिद्ध झाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु चाचणी मागितली की मिळते असेही नाही. मागणारास प्रथमदर्शनी आधार दाखवावा लागतो. विशेषतः आई विवाहित असेल तर मूल तिच्या नवऱ्याचेच असे कायदा गृहीत धरतो, आणि त्या गृहीतास धक्का देणारी चाचणी न्यायालये सहसा करू देत नाहीत. हे योग्यच आहे. कोणाच्याही दारी उठून कोणीही बालंट आणू नये, आणि मुलाच्या माथी नसता कलंक बसू नये, ह्या दोन्ही गोष्टी संभाळल्याच पाहिजेत.

येथे आम्हांस तडजोडीबद्दल चार शब्द बोलावयाचे आहेत. असे प्रकरण उघडकीस आले म्हणजे पुष्कळ ठिकाणी ते न्यायालयात न जाता गावकीपुढे जाते. चार पंच बसतात, बापास काही रक्कम दंड ठरते, तीतील काही फंडात जाते, काही मुलीच्या बापाच्या हाती पडते, आणि ‘पुढे कसलाही हक्क सांगणार नाही’ असा कागद त्या मुलीकडून लिहून घेतात. त्या पंचांस आमचे सांगणे असे की, हा कागद कवडीमोलाचा आहे. पोटगीचा हक्क मुलाचा आहे. आईने तो सोडून दिला म्हणून मुलाचा जात नाही. दुसऱ्याच्या मालाची पावती तिसऱ्याने दिली तर ती कोणता व्यापारी मान्य करील? आणि ती मुलगी दाद मागण्यास गेली म्हणून तिच्या घरास वाळीत टाकाल, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा तुमच्यासाठीच आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

आता बापाच्या हक्कांकडे वळू. कारण केवळ देण्याचेच नाव काढून हक्काची गोष्ट न बोलणे हा न्याय नव्हे. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे अशा मुलाची नैसर्गिक पालक प्रथम आई, व तिच्या पश्चात् बाप. विवाहातील मुलांत बापाचे नाव आधी येते, येथे क्रम उलटा आहे. आणि ज्याने जबाबदारी घेतली नाही त्यास मागचे आसन देणे आम्हांस वाजवी दिसते. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी असे ठरविले की, अविवाहित मातेने पालकत्वासाठी अर्ज केला असता बापाचे नाव सांगण्याची अथवा त्यास नोटीस देण्याची सक्ती तिच्यावर नाही. तरी त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, पालकत्वाचे हुकूम कायमचे नसतात. ज्यास मुलाची खरी कळकळ आहे तो मनुष्य पुढे केव्हाही न्यायालयापुढे येऊ शकतो. म्हणजे बापास दार बंद नाही. फक्त त्याने पाहुणा म्हणून न येता कर्ता म्हणून यावे. जो बाप मूल आपले म्हणून कबूल करतो, पोटगी वेळेवर देतो, त्यास मुलास भेटण्याची संधी मिळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र त्याची कसोटी बापाचा अभिमान नव्हे, मुलाचे हित हीच होय.

ह्यावर आमचे सनातनी मित्र म्हणतील की, अशा मुलांस हक्क दिले म्हणजे विवाहाची पवित्रता गेली व अनाचारास उत्तेजन मिळाले. आम्ही त्यांस उलट विचारतो: अनाचारास उत्तेजन कशाने मिळते? ज्या कृत्याचे काहीही भोगावे लागत नाही, ते करण्यास पुरुषास भीती कशाची? आज तो जाणतो की गोष्ट उघड झाली तर मुलगी गाव सोडील, आपण नाही. उद्या त्यास ठाऊक झाले की अठरा वर्षे दरमहा पगारातून रक्कम जाणार आहे, व मरणानंतर आपल्या मिळकतीत त्या मुलाचा वाटा आहे, तर तो पाऊल टाकण्यापूर्वी दहा वेळा विचार करील. विवाहाचे रक्षण खरोखर कोणास करावयाचे असेल, तर त्याने निरपराध पोरास उपाशी ठेवून ते होत नाही, हे प्रथम मान्य करावे. मुलाने जन्म घेताना कोणते पाप केले, हे आजवर एकाही शास्त्र्याने आम्हांस दाखवून दिलेले नाही.

न्यायालये हळूहळू ह्याच दिशेस येत आहेत. दीर्घकाळ पतिपत्नीप्रमाणे एकत्र राहिलेल्या जोडप्याचा विवाह झाला असेच गृहीत धरावे, व त्यांच्या मुलास कुटुंबाच्या मिळकतीत हिस्सा द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये म्हटले. जेथे विवाह झाला पण तो कायद्याने रद्दबातल ठरला, तेथील मुलांस आईबापांच्या एकत्र कुटुंबातील हिश्श्यापर्यंत हक्क पोहोचतो, असे १ सप्टेंबर २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींनी ठरविले. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव घालण्याचे ठरविले, ही गोष्टही लहान नाही. परंतु ज्या मुलाच्या आईबापांनी विवाहाचे नावही केले नाही व जी एकत्रही राहिली नाहीत, त्याची स्थिती जेथल्या तेथेच आहे.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, अर्जाच्या ठिकाणाची. संहितेच्या १४५ व्या कलमाच्या शब्दांप्रमाणे बायको आपण राहते तेथे अर्ज करू शकते. परंतु अविवाहित मातेच्या मुलासाठी बाप जेथे आहे, किंवा तो तिच्यासह शेवटी जेथे राहिला, अशी ठिकाणे सांगितली आहेत. २०२३ च्या नव्या संहितेने बापाचे आईबाप राहतात ते ठिकाणही जोडले. पण ते वृद्धांच्या सोयीचे, ह्या मुलाच्या नव्हे. कोकणातला पुरुष पिढ्यान् पिढ्या चाकरीस मुंबईस जातो, आताशा आखातातही जातो. संगमेश्वराच्या खेड्यातील मजूर मुलीने तान्हे मूल कडेवर घेऊन त्याच्या मागे कोणकोणत्या न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या? मूल जेथे राहते तेथे अर्ज चालावा, एवढे स्पष्ट शब्द कलमात घालावे. दुसरी मागणी, कबुलीची. जन्मनोंदणी कार्यालयात अविवाहित बापाने स्वतः येऊन, आईच्या संमतीने, साध्या दाखल्यावर पितृत्व कबूल करावे, आणि त्या दाखल्याने पोटगीचे देणे व मुलास भेटण्याचा हक्क दोन्ही एकदम लागू व्हावे. इंग्लंडात २००३ पासून आईबापांनी मिळून जन्मनोंदणी केली की अविवाहित बापास पालकत्वाचे अधिकार मिळतात. आपणांस ते अशक्य का असावे? तिसरी मागणी, वारशाची. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याची ती व्याख्या बदलून, ज्याचे पितृत्व कबुलीने अथवा न्यायालयाच्या निकालाने सिद्ध झाले आहे त्या मुलास बापाच्या स्वार्जित मिळकतीत इतर मुलांबरोबर वाटा मिळावा.

कायदा होईल तेव्हा होईल. लोकांनी त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आमच्या वाचकांत व्यापारी आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत, पतपेढ्यांचे चालक आहेत. एखाद्या पेढीवरील नोकराविरुद्ध पोटगीचा हुकूम झाला व तो चुकवीत असला, तर मालकाने त्यास पाठीशी घालू नये. पगार दडविण्यास मदत करू नये. शाळेत नाव घालण्यास आई एकटी आली, तर गुरुजींनी बापाच्या नावाची चौकशी चारचौघांत करू नये. आणि विहिरीवर, बाजारात, एसटीच्या थांब्यावर जे शब्द अशा मुलाच्या कानी पडतात, ते आपल्या घरातील मुलांच्या तोंडी येणार नाहीत एवढी खबरदारी प्रत्येक गृहस्थाने घ्यावी. स्वराज्य मिळविताना आपण म्हणत होतो की, ह्या देशात जन्मलेला प्रत्येक मनुष्य जन्माने सारखा. त्या प्रतिज्ञेतून आपण कोणासही वगळले नव्हते. ज्या दिवशी अशा मुलाचा बाप ‘हे माझे’ म्हणून कचेरीत सही करील, आणि न करील तर कायदा त्याच्याकडून ती करवून घेईल, त्या दिवशी हे जुने देणे फिटू लागले असे आम्ही म्हणू. तोपर्यंत ही थकबाकी एकट्या त्या बापाची नसून तुमचीआमची सर्वांचीच आहे.